शिवड्यासाठी तार

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले ते चाकणहून, कांद्याच्या ट्रकमध्ये पुढे बसून, आणि आल्या दिवसापासून परत जायची भाषा करू लागले. सासूबाई गेल्यावर गावच्या घरात त्यांना एकट्याला ठेवायचं नाही, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. ठरवून तो कंपनीत निघून जायचा, सांभाळायला मी. पवनेच्या काठी चिंचवडला आमची एकच खोली. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपणार, आणि म्हातारा त्याच्या खाटेभोवती येरझाऱ्या घालणार. दार उघड, दार लाव. कंपनीचा भोंगा झाला की उठून बाहेर डोकाव. मीही काही एका जागी बसणारी बाई नव्हे. आम्हा दोघांच्या दिवसभर कुरबुरी चालायच्या. जाऊ दे बाबा यांना एकदाचं, असं मला रोज वाटायचं.

मग त्यांना नदीत शिवडा दिसला. या माशाला खवले नसतात, पण जबडा हा एवढा रुंद आणि आत बारीक दातांच्या रांगा. भीमेच्या काठी उभा जन्म मासे धरण्यात गेलेला माणूस, त्यांना राहवतंय कसलं? मोठ्या खडकाखालच्या डोहात त्यांनी गळ सोडला आणि संध्याकाळी तुटका तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हातात घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"चावून न्हेला," ते म्हणाले. "माझे गळ त्याच्या जबड्यात हायेत. त्याला काढला की मी गावाला चाललो. तवर न्हाई."

हे ऐकून मला हुरूपच आला. मासा लवकर निघायला हवा होता! दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सगळ्यात जाड तंगूस आणला.

"म्हस बांधायची हाय का?" त्यांनी तो बोटावर गुंडाळून पाहिला. "ह्याचं वेटोळं सुटत न्हाई. पाण्यानं वढला जातो. मासा कवा लागला, बोटाला कळायचं न्हाई."

तेव्हा मला त्यांची रीत कळली. काठी नाहीच. तंगुसाला शिशाचा गोळा, गळ आणि डब्याच्या पत्र्याची चकाकती पट्टी बांधायची. गोळा तळाला टेकला की हातभर उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. सगळी नजर बोटात. म्हणून वरचा तंगूस बारीकच हवा, फक्त शेवटची वीत दातांना पुरून उरेल अशी हवी.

मी शेवटाला तंगूस दुहेरी केला. त्यांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून गळही मीच बांधला. गोधडीचा टाका संपवताना मारते तशी गाठ मारली आणि टोकं उदबत्तीने डागली, म्हणजे सुटायला नको. त्यांनी अंगठ्याने गाठ चाचपली. "बरी हाय," म्हणाले. त्या दुपारी मीही खडकावर गेले. तंगूस ताठ झाला आणि एकदम सैल पडला; दुहेरी टोकही त्याने दातांनी कापलं होतं.

"माझी गाठ घेऊन गेला मेला!" मी ओरडले. सासरे हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर मला घरात चैन पडेना. पोळ्या लाटताना डोक्यात तार. बांधकामावरची तार आणली, तर तिला एकदा पीळ पडला की तिथेच काडकन तुटायची. शेवटी नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "ब्रेकची जुनी तार घ्या ना भाभी. उकलली की आत केसासारख्या तारा निघतात. वाकतात, तुटत नाहीत." मी तीन तारा घेऊन मांडीवर एकत्र वळल्या, दोन्ही टोकांना फासे केले. सासऱ्यांनी ओढून पाहिलं, दाताखाली धरून पाहिलं. मग मलाच विचारलं, "पोरी, तुला काय वाटतं? वीतभर पुरंल का जास्त ठिवायची?"

लग्न झाल्यापासून मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, थोडी जास्त ठेवू या. ठेवली.

मग रोज दुपारी, नवरा घोरत असताना, आम्ही दोघं खडकावर. शेजारणी काय काय बोलायच्या. बोलू देत.

आणि एके संध्याकाळी तारेने टिकाव धरला. पाण्यातून शिवडा वर आला तेव्हा मी खडकावर उड्या मारत होते. सासरे मात्र तंगूस गुंडाळत बसले. घरी आल्यावर त्यांनी धोतरं घडी करून गाठोडं बांधलं. "सकाळच्या गाडीनं निघतो."

मी मासा आणि विळी घेऊन मागच्या दारी बसले. बुळबुळीत अंगाला राख चोळली, जबडा फाकवला. आत जुना गळ होता. त्याला माझी गाठ, आणि गाठीला उदबत्तीने डागलेली टोकं. हाच तो. मी गळ सोडवून घेतला आणि तशीच बसून राहिले. उद्यापासून पुन्हा मी, झोपलेला नवरा आणि भोंगा. त्यांनी जायला नको होतं. मला ते हवे होते. जबडा फाकवीपर्यंत मला हे कळलं नव्हतं, याचाच राग आला.

सासरे दारात येऊन उभे राहिले. "गावला का गळ? असला तर ह्योच त्यो."

"नाही, मामंजी," मी मूठ आवळली. "याच्या तोंडात काही नाही. हा दुसराच. तुमचा अजून डोहात आहे."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मुठीकडे. आत गेले आणि गाठोडं सोडायला लागले.

"चाचाकडनं आनखी तार आन उद्या," ते आतूनच म्हणाले. "आन् मूठ सैल सोड, पोरी. गळ रुतंल."