मोबाइलचा उपास

उपास करावा तर आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या जावयांनी, आणि मोडावा तोही त्यांनीच. बाळांनो, हे गृहस्थ क्रिप्टोचा व्यापार करतात, म्हणजे हातात घेता येत नाहीत अशी नाणी मोबाइलवर घेतात आणि विकतात. तुम्हांला यात काही नवल वाटणार नाही. मला मात्र खांदेश्वरला राहायला आल्यापासून एवढं कुतूहल दुसऱ्या कुणाविषयी वाटलेलं नाही. पूर्वी ते न्हावा शेव्याला माल सोडवून देणाऱ्या एका एजंटकडे होते. धावपळ तिथेही होती, पण "काकू, जहाज निदान धक्क्याला तरी लागतं," असं ते म्हणतात. "आमचा बाजार बंदच होत नाही. रविवार नाही, दिवाळी नाही." त्यामुळे ते जेवताना भाव पाहतात, दाढी करताना पाहतात, आणि गेल्या सत्यनारायणाला तर एका हातात मोबाइल धरून त्यांनी दुसऱ्या हाताने सोडलेलं पाणी ताम्हन चुकवून थेट गुरुजींच्या मांडीवर पडलं.

उन्हाळ्यात त्यांना लिफ्टमध्ये घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मोबाइलला सुटी द्या, नाहीतर पुढच्या वेळी सरळ ॲडमिट करीन, असं बजावलं. त्यांची बायको, म्हणजे वहिनींची मुलगी, फारशी बोलणारी नाही. ती एवढंच म्हणाली, "बाजार बंद होणार नाहीच. तुम्ही बंद पडलात तर मी कुणाकडे बघू?" मग वहिनींनी तोडगा काढला. दर गुरुवारी मोबाइलचा उपास धरायचा आणि शुक्रवारी सकाळी आंघोळ करून सोडायचा.

पण उपास म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो काय चालतं याचा. पहिल्याच गुरुवारी जावईबापूंनी टॅब चालतो असं ठरवलं, कारण तो खिशात मावत नाही. पुढे भाव दाखवणारं मनगटावरचं घड्याळ चालू लागलं. त्यानंतर माझ्या फोनवरून मित्राला विचारणंही चालू लागलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर म्हणे उपास मोडत नाही. मी विचारलं, "अहो, हा उपास की फराळ?" ते गंभीरपणे म्हणाले, "काकू, एकादशीला तुम्ही खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि वर दाण्याची आमटी घेता, त्याला काय म्हणायचं?" गुरुवारी ते एरवीपेक्षा जास्त भाव पाहू लागले, आणि रक्तदाब होता तिथेच राहिला.

शेवटी एका गुरुवारी त्यांच्या बायकोने सगळी यंत्रं पिशवीत भरून माझ्याकडे आणून दिली. मी ती कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. दुपारी जावईबापू दारात हजर. "मागायला नाही आलो हां, काकू. नुसता बसतो."

बसले. मी त्यांच्यासमोर ताटात गवार निवडायला ठेवली आणि कधीपासून विचारायचं होतं ते विचारलं, "तुम्ही त्यात नेमकं बघता तरी काय?"

शेंगा मोडत ते म्हणाले, "तसं काही नाही. आपण नाही बघितलं तर काहीतरी होईल, असं वाटतं."

"आणि बघितल्यावर होत नाही?"

"होतं की. पण माझ्यासमोर होतं."

कपाटात मोबाइल थरथरला की त्यांची मान वर व्हायची. मग ती जरा उशिरा व्हायला लागली. मी पाणी प्यायला आत जाऊन आले, तेवढ्यात ते खुर्चीतच झोपले होते, हातात अर्धी मोडलेली शेंग.

थोड्या वेळाने त्यांची बायको चौकशीला आली. मी ओठांवर बोट ठेवलं. चपला काढून ती पावलं न वाजवता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कपाटात पुन्हा गुरगुर झाली, तशी ती दचकून अर्धवट उठली. ते हललेदेखील नाहीत.

"लग्नाच्या वेळी असेच दिसायचे," ती हळूच म्हणाली. मग ताट पुढे ओढून, त्यांच्या हातातली शेंग तशीच राहू देऊन, ती उरलेली गवार निवडत बसली.