बाबांची चार महिन्यांची पेन्शन

सगळं सांगते, पण आधी साठीशांतीचं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झालाय.

आई-बाबा राहतात कॅनडातल्या केंब्रिजला, पण ज्यांना आम्ही इथे नातेवाईक म्हणतो ते सगळे मिसिसागात. म्हणून मीच तिथला एक हॉल बुक केला. आतमध्ये ज्योत लावायची नाही, असा हॉलवाल्यांचा नियम. त्यामुळे आईने बाबांना साठ बॅटरीवाल्या दिव्यांनी ओवाळलं! त्यातले पाच-सहा आपोआप लुकलुकत होते. गुरुजी म्हणाले, चालतंय, भाव महत्त्वाचा.

जेवताना बाबांच्या शेजारी एक काका बसले. आमच्या ग्रुपमध्ये टॅक्स, मॉर्गेज, विंटर टायर्स, कशावरही सल्ला हवा असला की यांना विचारायचं. नको असला तरी मिळतो.

"साठ झाले ना? मग सरकारी पेन्शन चालू कर. मी साठालाच घेतली. वर्षानुवर्षं पेन्शन पण, पगार पण!"

"अरे, पण मी रिटायर कुठे झालोय?"

"व्हायची गरजच नाही. आपलेच पैसे आहेत. उद्याचं कोणी बघितलंय?"

उद्याचं खरंच कोणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिथी चांगली निघाली. आईने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि बाबांनी ऑनलाइन अप्लाय केलं. पहिली पेन्शन आली तेव्हा आईने तिचा कागद देवापुढे ठेवला आणि नागपूरच्या दोन्ही आत्यांना साड्या गेल्या. बाबा ज्या कारखान्यात मशीन मेंटेनन्स करायचे, तिथे त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. का वाटतोय, हेही उत्साहाने सांगितलं.

चार महिन्यांनी ती अख्खी शिफ्टच बंद झाली. एचआरच्या बाईंनी बाबांना खास धीर दिला, "तुम्हाला काय टेन्शन? तुमची पेन्शन आहे!"

बाबांना टेन्शन नव्हतंच. पगारातून इतकी वर्षं ईआयचे, म्हणजे बेकारी भत्त्याचे पैसे कापले जात होते. तो पूर्ण मिळाला तर आपल्या लायकीचं काम शोधायला त्यांना निवांत वेळ होता. नाहीतर एअरपोर्टजवळच्या गोडाउनमध्ये खोकी उचलायची नोकरी, जी लगेच मिळत होती. त्यांची पाठ आधीच दुखते, म्हणून ती आम्हाला कोणालाच नको होती.

अर्ज गेला, मग एक दिवस ईआयच्या ऑफिसातून फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला. पेन्शन मिळते का, असं तिथल्या बाईने विचारल्यावर बाबांनी "येस!" म्हणून तिला साठीशांतीसकट सगळं सांगितलं. ती बिचारी "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाली. मग म्हणाली, तुमच्या पेन्शनचे पैसे तुमच्या भत्त्यातून वजा होतील.

"पण माझा एक मित्र पेन्शन घेऊन काम करत होता. त्याची नोकरी गेली तेव्हा त्याचं काही वजा नाही झालं!" मित्र म्हणजे तेच सल्लेवाले काका.

तिने शांतपणे समजावलं. पेन्शन सुरू झाल्यानंतर भत्त्याला लागतील तेवढे तास काम केलं असेल, तर पेन्शन धरत नाहीत. तुमचे तेवढे तास भरले नाहीत.

बाबांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. "म्हणजे मी आधी म्हातारा झालो असतो तरी चाललं असतं, नंतर झालो असतो तरी चाललं असतं. फक्त वेळेवर झालो, ते चुकलं."

मी तोवर सर्च करत सुटले होते. आणि सापडलं! सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत ही पेन्शन रद्द करता येते. लेखी कळवायचं आणि मिळालेलं सगळं परत करायचं. मी ओरडलेच.

आई म्हणाली, "देवापुढे ठेवलेलं परत करायचं?"

"ठेवलेलं नाही गं, मिळालेलं."

"आणि साड्या?"

"साड्या कोणी परत मागत नाहीये!"

"लोक काय म्हणतील? साठी झाली आणि पेन्शन कॅन्सल."

"लोक म्हणतील हा माणूस परत एकोणसाठचा झाला," बाबा म्हणाले. "तू सांग, गोडाउन की कॅन्सल?"

आईने त्यांच्या पाठीकडे बघितलं. "कॅन्सल."

इंडियाच्या तिकिटांसाठी साठवलेल्या पैशांतून पेन्शन परत गेली. ईआयवाल्यांनी नव्याने हिशेब केला आणि भत्ता पूर्ण सुरू झाला. आता दर दोन आठवड्यांनी, तुम्ही काम करायला तयार आहात का, असा प्रश्न येतो आणि बाबा स्क्रीनला मोठ्याने "हो" म्हणून मग क्लिक करतात.

परवा व्हिटबीला त्यांचा इंटरव्ह्यू झाला. मशीन मेंटेनन्सचंच काम. मी पार्किंगमध्ये बसून नखं खात होते. बाहेर आले ते हसतच.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं विचारलं पोराने. तुझ्याच वयाचा असेल."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, पासष्टीत."

"बाबा!!"

"अगं, तोही हसला. मंगळवारी परत बोलावलंय, मशीन दाखवायला."

आईला फोन लावला तर तिचा पहिला प्रश्न, "पेढ्यांचं काही बोलला नाहीत ना तिथे?"