येसूवहिनीच्या हातची ओटी

सगुणा, मी लोधिवलीहून निघाले ती भर दुपारी निघाले, हे आधी ऐकून ठेव. मी चोरून पळाले असं तुमच्या घरात सांगतात, ते खोटं आहे. बैलगाडी दारात उभी होती, आळीतल्या बायका ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या, आणि मी गाठोडं काखोटीला मारून सगळ्यांच्या देखत गाडीत चढले. मला पाचवा महिना लागला होता. सासूबाई मागून ओरडल्या, "पाचव्यात नदी वलांडतात का गं? कुनी सांगितलं तुला?" कुणीच सांगितलं नव्हतं, मी माझं मीच ठरवलं होतं.

हे पत्र तुला गावचे मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, पुढे दोन-चार ठिकाणी तुम्हाला संकोच वाटेल. तिथे आवाज खाली करू नका आणि ओळी गाळू नका. थोरल्या जाऊबाई, म्हणजे सगुणाच्या सासूबाई, दाराआड उभ्या असतीलच. त्यांच्याही कानावर जाऊ द्या.

तुझं पहिलं गेलं म्हणून या वेळी तुला माजघरामागच्या खोलीत ठेवलंय, असं चौकचा गाडीवाला सांगत होता. तीच ती खोली, जिच्यात मलाही ठेवलं होतं. तिच्या भिंतीचा कुठला पोपडा कुठे सुटलाय ते मी आजही डोळे मिटून सांगेन.

माझं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. कुणाला कळायच्या आत गेलं, म्हणून फारसं कुणी रडलंही नाही. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी हौस केली. सातव्यात डोहाळजेवण, फुलांची वाडी, पाच गावच्या बायका जेवायला. नववा भरला आणि मूल झालं ते रडलंच नाही. सासूबाईंनी ठरवून टाकलं की दृष्ट लागली. मग तिसऱ्या वेळी दिवस राहिल्याचा शब्दच घरात काढायचा नाही असं झालं. "कुनी इचारलं तर पोट बिगारलंय म्हन," असं मला शिकवून ठेवलं. केसाला तेल नाही, हिरवी बांगडी नाही, खिडकी उघडायची नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. "हसू नको गं, दिसतं लोकांना," हे त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. त्या दुष्ट नव्हत्या. घाबरल्या होत्या. रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या आणि त्या तडतडल्या की नाही ते वाकून वाकून बघायच्या, तेव्हा मला त्यांची कीवच यायची.

पण सगुणा, एक गोष्ट तुला तिथे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. चौथा सरत आला की ओकाऱ्या थांबतात. मग एका सकाळी भूक लागते. ती रोजची भूक नव्हे. भाकरी दिसली की डोळ्यांत पाणी येतं अशी भूक. अंगाला तकाकी येते, केस दाट होतात, झोप गाढ लागते. पोट अजून जड झालेलं नसतं, उठताबसता हाताचा आधार लागत नाही. बाईच्या जन्मात इतके बरे दिवस दुसरे नसतात. ते दिवस मला त्या काळोख्या खोलीत आले. मी आतून फुलले होते आणि आजाऱ्यासारखी कण्हत पडून होते, कारण तसं पडायला सांगितलं होतं.

तुझे धाकटे मामंजी, म्हणजे आमचे हे, तेव्हा कर्जतला इंजिनावर आगवाले होते, कोळसा टाकायचं काम. दिवाळीला घरी आले ते महिन्याची रजा संपेपर्यंत माझ्या खोलीच्या दारात बसून असायचे. जायच्या दिवशी एवढंच म्हणाले, "चल म्हनत नाय मी, रहा पन म्हनत नाय. तुजं तू बघ." त्यांना वाटलं मी रडेन. मी उठले आणि लुगडी बांधायला घेतली.

दहिवलीच्या पुढे गाडी उल्हासच्या पाण्यात उतरली. पाणी चाकाच्या आऱ्यांना लागत होतं. जी नदी ओलांडायची नव्हती तिच्यात मी गाडीतून पाय खाली सोडले. पाणी गार होतं, पायाला गोळे आले, त्यापलीकडे काहीही झालं नाही.

कर्जतला आमची खोली लाइनीत होती. लाइन म्हणजे एका छपराखाली दहा बिऱ्हाडं, समोर इंजिनांची शेड. घाट चढायचा म्हणून प्रत्येक गाडी इथे थांबते आणि तिच्या मागे आणखी इंजिन जोडतात, ढकलायला. दिवसरात्र धूर, शिट्ट्या आणि कोळशाची पूड. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत काळवंडायचं. लोधिवलीला ओट्यावरून शेतं दिसायची. ती मला आठवायची, नाही कशाला म्हणू? नवीन तांदळाच्या भाकरीचा वास आठवून मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी केसांना चांगलं वाटीभर तेल चोपडलं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि फलाटावर फिरायला गेले. पोटावरून पदर ओढायचा नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. पुण्याकडच्या गाडीतल्या बायका खिडकीतून बघायच्या. मीही त्यांच्याकडे बघायची.

डोहाळेही मला जगावेगळे लागले. चिंचा, आवळे कसलं काय! शेडमध्ये गरम राखेवर पाणी मारतात तेव्हा जो वास येतो तो मला हवा असायचा. दुपारी राख काढायची वेळ झाली की मी कुंपणाशी जाऊन उभी राहायची आणि नाक भरभरून तो वास घ्यायची. शेडमधली माणसं हसायची. हे म्हणायचे, "पोरगं फोरमन होनार." शेजारच्या तारमास्तरांच्या बायकोनं, राधाबाईंनी, मला तेव्हाच अक्षरं शिकवली. पोटुशी बाईनं पाटी धरू नये असंही कुणीतरी म्हणालं होतं. सहाव्या महिन्यात मी माझं नाव लिहिलं आणि दिवसभर पाटी पुसली नाही.

दुसऱ्या बाजूच्या खोलीत येसूवहिनी होती. तिचा नवरा सांधेवाला, गाडीला रूळ बदलून देणारा. तिची तीन मुलं एकामागून एक गेलेली. लाइनीत कुणाची ओटी भरायची असली की ती आपणहून दार लोटून घ्यायची. जिची मुलं जगत नाहीत तिच्या हातची ओटी चालत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण माझ्यासाठी आंबोळ्या घालायची तीच आणि माझ्या पायांना तेल चोळायची तीही तीच.

पौषात वालाच्या शेंगा आल्या आणि मला पोपटीची आठवण अनावर झाली. गावाकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भरतात, मडकं पालथं घालून वर गवतकाड्या पेटवतात. येसूवहिनीनं पाला आणला, शेंगा आणल्या, मडकं भरलं. पण लाइनीत गवत कुठून आणायचं? हे म्हणाले, आपण आगवाले, विस्तवाची काय कमी? आणि शेडमधून फावडंभर टाकाऊ निखारे आणून मडक्यावर ओतले. इंजिनाच्या निखाऱ्यात मातीचं मडकं कोण ठेवतं? घटकाभरानं असा काही धडाका झाला की राधाबाई हातातलं तबक टाकून पळाल्या. शेंगा अंगणभर. एक जाऊन तारमास्तरांच्या टोपीवर बसली. मी हसायला लागले. भिंतीला धरून, पोट धरून, खाली बसून हसले, आणि हसता हसता आतून एक ढुशी बसली. आधी कधीतरी फडफड वाटायची. ही ढुशी खरी होती, एका माणसानं दुसऱ्याला मारलेली. मी येसूवहिनीचा हात ओढून पोटावर ठेवला. तिनं चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी पुन्हा ठेवला. मग आम्ही त्या करपलेल्या शेंगा वेचून खाल्ल्या. त्यांना इंजिनाचा वास येत होता आणि मला त्या इतक्या गोड लागल्या की काय सांगू!

माघात मला सातवा लागला. डोहाळजेवण करायचं मीच ठरवलं. सासर नाही, माहेरी आई नाही, तर माझं कौतुक मीच करीन म्हटलं. चिंचेला दोर बांधून झोपाळा केला. बायका जमल्या. मी पाटावर बसले आणि म्हटलं, पहिली ओटी येसूवहिनी भरेल.

 दोघीजणी उठून गेल्या. येसूवहिनी आपल्या दाराआडून म्हणाली, "माज्या हाताला लागू नको गं. तुजं भरलं पोट हाय." मी जाऊन तिच्या दारात पदर पसरून उभी राहिले. म्हटलं, "भरतेस का मी अशीच हुबी रहू दिसभर?" ती रडत बाहेर आली. तिच्या ओंजळीतले तांदूळ निम्मे जमिनीवर सांडले, नारळ माझ्या पदरात पडला. मग मी झोपाळ्यावर बसले आणि तिनंच झोका दिला. सगुणा, मी इतकी सुखात पुन्हा कधी नव्हते. लग्नातही नव्हते.

चैत्रात मुलगी झाली. येसूवहिनीनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं. मुलगी रडली, चांगली मोठ्यानं रडली. नऊ दिवस प्याली, झोपली, माझं बोट धरलं. दहाव्या दिवशी पहाटे तिला ताप आला आणि दुपारपर्यंत ती गेली.

मास्तर, थांबू नका, पुढे वाचा.

सासूबाई बातमी कळताच आल्या. लाइनीतल्या कुणीतरी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी एकेक काढलं. नदी ओलांडली, तेल लावलं, पाटी धरली, मडकं फुटलं, आणि वर त्या बाईच्या हातची ओटी घेतली. पलीकडे येसूवहिनीला ऐकू जात होतं. "हसलीस, म्हनून गेली," त्या म्हणाल्या.

 मी म्हटलं, "पहिल्याच्या वेळी मी कुटं हसले हुते, आत्याबाई? त्ये का गेलं?"

त्या पुन्हा नदीचंच काढू लागल्या. मी म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी तुम्ही निवडून निवडून लेकुरवाळ्या बायका आणल्या होत्या, त्यातल्या कुणाला विचारा तो का गेला. आणि येसूवहिनीचं नाव या खोलीत पुन्हा घ्यायचं नाही. सासूबाई खाली बसल्या. बराच वेळ आम्ही दोघी रडलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. जाताना म्हणाल्या, "चल घरला. हितं काय हाय तुजं?" मी म्हटलं, "हाय." आणि गेले नाही.

त्यानंतर मला मूल झालं नाही. दुखत नाही असं नाही. अजून पाळण्याचा आवाज आला की मी कामाला लागते. येसूवहिनीला पुढे दोन मुलं झाली, जगली, आणि लोकांच्या लेखी तिचा हात शुद्ध झाला. माझा नाही. लाइनीतल्या काही जणी मला ओटी भरायला मुद्दाम बोलावतात, काही जणी उंबरठा ओलांडू देत नाहीत. ज्या बोलावतात त्यांच्याकडे मी नवं लुगडं नेसून जाते, आणि ज्या नाही बोलावत त्यांच्या दारावरून दोनदा जाते.

तुला मूल जगेल असं मी सांगत नाही. ते ना मला माहीत, ना तुझ्या सासूबाईंना, ना त्या खोलीला. पण हसलीस म्हणून काही बिघडत नाही आणि कण्हलीस म्हणून काही वाचत नाही, एवढं मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या दोघांची मला ओळखसुद्धा नाही. एक कुणाला कळायच्या आत गेलं, दुसऱ्याला आम्ही लोकांसाठी वाढवलं. तिची मात्र ओळख आहे. तिला गाडीचा खडखडाट आवडायचा, तिखट खाल्लं की ती वळायची, आणि मी हसले की हमखास लाथ मारायची.

इतक्या वर्षांनीही मला लोक विचारतात, घर कुठलं? लोधिवलीत माझं लग्न झालं, तिथे माझे सासूसासरे गेले, तिथल्या देवळात माझ्या नावचा दिवा लागतो. तरी मी कर्जत सांगते. माझी मुलगी नऊ दिवस जगली असं तुमच्याकडे म्हणतात. चूक आहे ते. ती मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, सगळा हिवाळा या खोलीत राहिली. इथे तिनं जे काय खायचं-प्यायचं, ऐकायचं, खेळायचं ते सगळं केलं. पुरे चार महिने ती इथे नांदली, आणि मी तिच्याबरोबर होते.

सोमवारी चौकहून कर्जतला गाडी निघते. दुपारी निघ, सगळ्यांच्या देखत.