माल चांगला, वास सडका

शटर वर केलं आणि सडक्या कांद्याचा वास नाकात घुसला. बोरिवलीच्या मार्केटात माझा छोटा गाळा आहे. अलिबागकडचा पांढरा कांदा विकते. हा कांदा पात न कापता वेणीसारखा गुंफतात, त्याला माळ म्हणतात. माळ बांबूला टांगायची, वारा लागू द्यायचा, मग पावसाळाभर टिकते. पिशवीत कोंडली की गेली.

एक सडला की शेजारचेही सडतात, म्हणून आधी तो शोधायचा. कांद्याची मान, म्हणजे पातीजवळचा भाग, अंगठ्याने दाबायची. मऊ लागली तर आतून गेला. बुडाला ओल आणि सालीखाली काळी भुकटी आहे का तेही बघायचं. सगळ्या माळा उतरवल्या. एकही मान मऊ नाही. एक कांदा चिरला. आत पांढरा, घट्ट. नाकाशी नेला तर गटाराचा वास.

मला काही कळेना. डोळ्याला चांगला, हाताला चांगला, मग नाकाला असा का? घरी भाजीलाही तोच वास येत होता. पण सून इथलाच कांदा नेते, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही.

शेजारी सुलू नारळ विकते. तिला बोलावलं. "सुलू, हुंग गं हे."

"कांद्याचा वास आहे."

"सडका?"

"कांद्यासारखा. सकाळी सकाळी मला कशाला रडवतेस?"

मला वाटलं, हिचं नाक चोंदलंय. जनार्दनला फोन लावला. तो अलिबागजवळ स्वतः कांदा लावतो आणि त्याचा बहुतेक माल मीच घेते. म्हटलं, "ओला माल गुंफलास तू. सगळा स्टॉक परत ने."

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. एकेक माळ चाचपली.

"काकू, सडलंय कुठे ते दाखवा."

"दाखवायचं काय? वास येत नाही तुला?"

"नाही येत."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं कुठे म्हणतोय. पण माझा माल मुंबईहून रिटर्न आला हे गावात कळलं, की दुसरा व्यापारी दारात उभा राहणार नाही."

बरोबर बोलत होता. पण सडका माल दिल्यावर माझ्या दारात तरी कोण उभं राहणार? मी माळा टेम्पोत टाकायला लागले. तो हात बांधून बघत राहिला.

सुलूने चहा मागवला. भांडण झालं की ती चहा मागवते आणि पैसे भांडणाऱ्यांना द्यायला लावते. मी घोट घेतला आणि थुंकला.

"चहात सडका कांदा पडलाय."

त्या दोघांचे ग्लास अर्धे झाले होते.

"काकू, चहात कांदा कोण घालेल?"

सुलू म्हणाली, "तुला मागे ताप आला, तेव्हा नाकच गेलं होतं ना तुझं?"

"आता परत आलंय की."

"काय परत आलंय ते डॉक्टरला दाखव."

डॉक्टर म्हणाला, तापात वासाची नस दुखावते. पुन्हा जुळताना ती भलतंच सांगते. कांदा, लसूण, चहा, सगळं सडकं वाटतं.

"बरं कधी होणार?"

"सांगता येत नाही."

फी मात्र त्याने बरोबर सांगितली.

मी परत येईपर्यंत जनार्दन टेम्पोपाशी थांबला होता. त्याने माळा परत टांगल्या. मी म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, "यापुढे सडलं म्हणायच्या आधी सुलूताईंना विचारा."

आता रोज सकाळी सुलू गाळ्यात येऊन हुंगून जाते. परवा म्हणाली, "आज खरंच येतोय गं." मला रोजच्यासारखाच येत होता. एकेक मान दाबत गेले. मधल्या एका माळेत दोन कांदे पार मऊ झाले होते. कापून फेकले, उरलेली माळ सुतळीने बांधली आणि टांगली.

जनार्दनला फोन केला नाही. दोन कांदे सडतातच.