न दिसणारा रफू

जिन्याखालच्या दुकानात ती रफू करायची. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढून भोकावर असे विणायची, की गिऱ्हाइकानं भिंग लावलं तरी जागा सापडू नये. आणि दुकान बंद झालं, की दुसरं काम: देवावर रुसून चर्च सोडलेल्यांच्या दारात जाऊन बसायचं. देवाशी समेट करा, एवढंच सांगायचं. पाळकसाहेब म्हणत, "हे काम देवानंच नेमून दिलंय तुला." गल्ली म्हणे, "आली समेटबाई! चहा टाका, आता हलायची नाही!" कितीजणांना तिनं परत नेलं. सख्खा भाऊ तेवढा राहिला.

दादा कारखान्यातला युनियनवाला. एकुलती पोरगी तापानं गेली, त्या दिवसापासून त्यानं देवाशी बोलणं टाकलं. आता त्याचीच फुप्फुसं संपत आली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"दादा, आता तरी समेट कर रे."

"समेटाची बोलणी जन्मभर केली मी," तो धापा टाकत हसला. "मालक समोर बसल्याशिवाय सही करत नसतो आम्ही. तुझा मालक दर वेळी तुलाच पाठवतो."

"तोच आला होता रे आधी. आपल्यासाठी मेला."

"माझी पोर मेली तेव्हा कुठं होता?"

उत्तर तिच्या हातांना सुचलं. दादाच्या कपाटात पोरीचा लोकरी कोट होता, कुंपणावरून उडी मारताना खिशापाशी फाटलेला. तो तिनं गुपचूप नेला, जीव ओतून रफू केला आणि दादाच्या मांडीवर आणून ठेवला.

दादाची बोटं खिशापाशी गेली. चाचपली. पुन्हा चाचपली.

"भोक कुठंय?"

"बुजवलं. बघ ना, कळतसुद्धा नाही!"

"अगं, रोज बोट घालून बसायचो मी त्यात." त्याचं बोट अजून ती जागा शोधत होतं. "उडी मारून आली आणि म्हणाली, बाबा, आत्याला सांगू नका हं, ओरडेल. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. तुझ्या देवानं मेल्यातून उठल्यावरही स्वतःच्या हातांची, खिळ्यांची भोकं तरी ठेवली ना? मग माझ्या पोरीचं का बुजवलंस?"

ती तिथंच खाली बसली आणि सुईच्या टोकानं रफू उसवू लागली. लोकर पिंजत गेली. भोक पडलं, पण भलतंच, मोठं, कुणाचंही असावं तसं. दादानं बोट घातलं, काढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जा तू."

त्यानंतर तो बोलला नाही. तिच्याशी नाही, देवाशीही नाही. तसाच गेला.

मातीवरून परतताना पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "शेवटी झाला का गं समेट?"

"नाही," ती म्हणाली. "मध्ये मीच आले."