वारा पडल्यावरची लाट

ठोक्या हे नाव त्याला मीच दिलं. बंदराच्या भिंतीवर आम्ही एका टोळीत होतो. मोठे दगड क्रेन ठेवायची. त्यांच्यामधल्या फटींत लहान दगड ठोकून बसवायचं काम आमचं. ठोक्याने बसवलेला दगड पहारीनेही हलत नसे. कोणत्या फटीत कोणता दगड जाईल, ते हेरून त्याच्या हातात द्यायची त्याची बायको. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. लग्न झाल्यापासून ती त्याच्या शेजारी ओणवी होऊन राबली.

टोळीची एक रीत होती. वादळ आलं की घरी, वारा पडला की लगेच भिंतीवर. सुटलेला दगड त्याच दिवशी बसवला नाही, तर पाणी शेजारचेही उपटून नेतं.

त्या वर्षी चक्रीवादळ किनाऱ्याला न लागता दूर समुद्रात वळलं. सकाळी लख्ख ऊन पडलं. बंदराच्या कर्ण्यावरून सांगत होते, वादळ गेलं तरी लाटांचा धोका आहे, भिंतीवर जाऊ नका.

"ऊन बघून घाबरलेत साहेब," ठोक्या म्हणाला.

"तुम्हीपण घाबरा की जरा," वहिनी म्हणाली. "एक दिवस माझी पाठ तरी सरळ होईल."

"पाठ म्हातारपणी सरळ कर."

"मग आत्ता काय तरणीताठी आहे होय मी?"

हसत हसतच आम्ही वर चढलो.

कर्णा खरं बोलत होता. वादळ लांब गेलं तरी त्याने उठवलेल्या लाटा चालत राहतात, शेकडो मैल. खोल पाण्यात त्या नुसत्या संथ फुगवट्यासारख्या दिसतात. दोन लाटांमध्ये इतका वेळ जातो की समुद्र निवला असं वाटतं. उथळात आल्या की त्या उभ्या राहतात. आम्ही जन्मभर समुद्र ओळखला तो वाऱ्यावरून, आणि त्या दिवशी वारा नव्हता.

वहिनी खालच्या फटीत उतरली होती. दगड तिरका अडकला म्हणून तिने ठोक्याचा हातोडा मागून घेतला. तेवढ्यात लाट भिंतीच्याही वर आली. मी ठोक्याच्या कमरेला मिठी मारली, म्हणून तो राहिला. पाणी उतरलं तेव्हा खाली कोणी नव्हतं.

वहिनी सापडली नाही. ठोक्या पुन्हा भिंतीवर आला नाही. मुलगी त्याला आपल्या घरी न्यायला आली.

"बाबा, कर्ण्यावरून एवढं ओरडून सांगत होते, तरी आईला का नेलंत?"

ठोक्या आपलं गाठोडं उचलून बाहेर आला.

मी सामान गाडीत चढवत होतो. त्याने मला बाजूला घेतलं.

"हातोडा पाण्यात पाडलास तर घरात घेणार नाही, असं मी तिला म्हणायचो. थट्टेत रे. तिने सोडला असेल ना? दोन्ही हात मोकळे असतील ना तिचे?"

"सोडला होता," मी म्हणालो. "मी बघितलं."

तो गाडीत जाऊन बसला.

मी बघितलं होतं. एका हाताने ती दगड धरू पाहत होती. दुसऱ्या हातात हातोडा होता.