मध्यान्हीची रेघ

मामा गेल्याचं पत्र मला पंधरा दिवसांनी मिळालं. दत्तूदादाने पत्त्यात सवयीने जिल्हा उस्मानाबाद लिहिलं होतं. ते कार्ड तिकडे फिरून लातूरच्या वसतिगृहात आलं. लातूर वेगळा जिल्हा झाला, पण लिहिणाऱ्याच्या हाताला अजून जुनाच आठवतो... मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

सोपानमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. निलंग्याजवळ त्यांची मोसंबीची एकोणीस झाडं. स्वतः लावलेली, त्यांच्याबरोबरच म्हातारी झालेली. दुष्काळात विहीर आटली तेव्हा दत्तूदादा, त्यांचा मुलगा, म्हणाला, "आबा, ही खोडं आता फळायची न्हाईत. तोडून टाकू. पाणी जनावराला तरी पुरंल." मामा म्हणाले, "एक उन्हाळा दे मला." एवढंच.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून सुट्टीत मला काहीतरी येतं हे दाखवायची घाई असायची. पाणी बैलगाडीवर पत्र्याच्या टिपाडातून यायचं, झाडाला एक घागर. मी पहिल्याच झाडाला खत घालून अख्खी घागर बुंध्याशी ओतली. मामा बघत होते.

"भाचेबुवा, झाडाचं तोंड बुंध्यात असतंय, असं शिकवलं का कालिजात?"

दत्तूदादा हसला. मला फार लाज वाटली. मामांनी खुरप्याने बुंध्याजवळ उकरलं. अंगठ्याएवढी जाड, तपकिरी मुळी निघाली, साल बुचासारखी. "ही म्हातारी. झाड धरून ठेवती. खाणंपिणं हिच्याच्यानं हुत न्हाई." मग सावली संपते तिथे जाऊन त्यांनी अलगद माती सारली. दोऱ्यासारखी पांढरी मुळी दिसली. "खाती ती ही. पर ही बी लई दिवस पांढरी ऱ्हात न्हाई. नवी फुटत ऱ्हायली तर झाड जगतंय."

त्या उन्हाळ्यात भर दुपारी ते काठीने प्रत्येक झाडाच्या सावलीच्या कडेने रेघ ओढायचे. त्या रेघेवर आम्ही चर खणले, कुजलेलं शेणखत भरलं, वर उसाचं पाचट पसरलं आणि घागर तिथेच ओतत राहिलो. पुढे वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात मला तेच सापडलं. मुळी जुनी झाली की साल बुचासारखी होते, तिच्यातून पाणी आणि क्षार फारसे आत जात नाहीत. मी धावत जाऊन सांगितलं. मामा म्हणाले, "लिवणाऱ्याची बाग असंल मग." त्यांना खरंच तसं वाटलं असावं.

अकरा झाडं जगली. मी बुंध्याशी पाणी ओतलेलं झाड त्यांत नव्हतं. मामांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

परवा पोचल्यावर बागेकडे जाताना वाटलं, आता कुऱ्हाड लागलेली असणार. मामा गेल्यावर दादाला अडवणारं कोण होतं... ऊन डोक्यावर आलं होतं. दत्तूदादा मामांची काठी घेऊन मोसंबीभोवती वाकून चालत होता. मला बघून थांबला.

"बग बरं, बराबर आली का?"

रेघ एका बाजूला सावलीच्या बाहेर गेली होती. मी खुरपं घेतलं आणि खणायला बसलो.